पॅड तीनदा संपले. खोट पॅडमध्ये आहे की कॅलिपरमध्ये?

नेकनूरहून बीडला रोज कारने ये-जा करणाऱ्या एका गृहस्थांनी विचारले आहे की, त्यांच्या सहा वर्षांच्या पेट्रोल कारचे पुढचे ब्रेक पॅड पहिल्या खेपेला ४८,००० किलोमीटर टिकले, दुसऱ्या खेपेला १६,००० आणि तिसऱ्या खेपेला जेमतेम ११,०००. शेवटच्या वेळी डाव्या चाकाचा आतला पॅड लोखंडापर्यंत घासला आणि डिस्कवर चरे पडले. एका मिस्त्रींनी पॅड डुप्लिकेट होते असे सांगितले, तर दुसऱ्यांनी ‘तुमचा पाय ब्रेकवर जड आहे’ असा निर्वाळा दिला. बीडला पोहोचल्यावर डाव्या पुढच्या चाकाजवळ जळका वास येतो आणि मांजरसुंब्याचा घाट उतरताना पेट्रोल वाचावे म्हणून आपण गाडी न्यूट्रलमध्ये सोडतो, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे. त्यांचा शेवटचा प्रश्न असा आहे की, आता कोणत्या कंपनीचे पॅड टाकावेत?

मी छत्रपती संभाजीनगरात सत्तावीस वर्षे गॅरेज चालवतो आणि माझे उत्तर आधीच सांगून टाकतो: कंपनीचा प्रश्न आज बाजूला ठेवा. आपण दिलेल्या माहितीत सर्वांत मोलाची गोष्ट किलोमीटरचा आकडा नसून ‘डाव्या चाकाचा आतला पॅड’ ही आहे. पुढच्या प्रत्येक चाकासोबत एक लोखंडी डिस्क फिरते आणि कॅलिपर नावाचा चिमटा तिला आतून आणि बाहेरून एकेका पॅडने दाबतो, म्हणजे पुढच्या दोन चाकांत मिळून चार पॅड असतात. पॅडचा माल हलका असता, तर चारही पॅड थोड्याफार फरकाने सारखेच झिजले असते. आपला पाय जड असता, तरीही चारही झिजले असते, कारण पायाचा दाब तेलातून दोन्ही चाकांना सारखाच पोहोचतो. घाटही दोन्ही चाकांना एकच असतो. चारांपैकी एकच पॅड संपतो, तेव्हा कारण त्या चाकापाशी शोधावे लागते.

पॅड किती चालावेत, याचे एकच उत्तर नसते. शहरातल्या गर्दीत चालणारी गाडी, धुळे–सोलापूर महामार्गावर एका लयीत चालणारी गाडी आणि उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे दर दोन मिनिटांनी ब्रेक दाबावा लागणारी गाडी यांचे हिशेब वेगळे असतात. गाडीचे वजन, आत बसणारी माणसे, पॅडचा प्रकार आणि चालवणाऱ्याची सवय यांवरही बरेच अवलंबून असते. आपल्याकडच्या लहान गाड्यांचे पुढचे पॅड ३०,००० ते ६०,००० किलोमीटर चालणे मी सामान्य मानतो. आपली पहिली जोडी ४८,००० चालली, म्हणजे हाच चालक, हाच रस्ता आणि हाच घाट असताना ही गाडी पॅड व्यवस्थित टिकवत होती. मधल्या काळात आपली सवय बदललेली नसेल, तर गाडीत काहीतरी बदलले आहे.

आता बिघाड कसा होतो, ते पाहू. बहुतेक लहान गाड्यांच्या पुढच्या कॅलिपरला एकच पिस्टन असतो आणि तो आतल्या बाजूला, म्हणजे इंजिनाच्या अंगाला असतो. आपण पेडल दाबले की तेलाच्या दाबाने पिस्टन बाहेर येतो आणि आतला पॅड डिस्कवर दाबतो. त्याच्या उलट प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून आतल्या बाजूला सरकतो आणि बाहेरचा पॅडही डिस्कला भिडतो. दोन्ही पॅडांनी सारखे काम करावे, यासाठी त्या पिना ग्रीसमध्ये मोकळ्या सरकल्या पाहिजेत. पिना जाम झाल्या की कॅलिपर जागचा हलत नाही, बाहेरचा पॅड नुसता नावापुरता टेकतो आणि बहुतेक सगळे काम आतला पॅड करतो. पेडल सोडल्यावर मागे सरकायलाही त्याला जागा राहत नाही, म्हणून तो डिस्कला घासत राहतो. आपल्या गाडीचे वर्णन याच्याशी इतके जुळते की, पैज लावायची तर मी पिनांवर लावीन.

आपल्या भागात पिना जाम होण्याचे एक खास कारण आहे आणि ते म्हणजे काळी माती. पावसाळ्यात शेतरस्त्याने गेलेल्या गाडीच्या कॅलिपरमध्ये आणि तो ज्यावर बसतो त्या ब्रॅकेटमध्ये हा चिखल भरतो आणि ऊन पडले की विटेसारखा कडक होतो. पिनेवरचे रबरी बूट शाबूत असेल, तर फारसे बिघडत नाही. पण बुटाला बारीकशी चीर पडली असेल, तर पाणी आणि गाळ आत शिरतात, ग्रीस धुऊन जाते आणि पिनेवर गंज चढतो. घनसावंगीकडची एक गाडी माझ्याकडे आली होती, तिच्या खालच्या पिनेला पाना लावून, वर हातोडीने ठोकल्यावरच ती बाहेर निघाली. तिचे पॅड त्याआधी दोन वेळा बदलले गेले होते, पण एकदाही पिना काढून पाहिल्या गेल्या नव्हत्या. पॅड बदलायला खालचा एक बोल्ट काढून कॅलिपर वर उचलला की काम भागते, त्यामुळे घाईच्या गॅरेजात पिनांना कोणी हातच लावत नाही.

दुसरे कारण ग्रीसचे आहे. बेअरिंगचे किंवा चेसीचे साधे ग्रीस पिनांना लावले की काम झाले, असे अनेकांना वाटते. पिनेवरचे बूट, कधीकधी एका पिनेच्या टोकाशी असणारी रबरी बाही आणि पिस्टनचे सील यांचे रबर त्या ग्रीसमधले खनिज तेल शोषून फुगते. फुगलेल्या रबरात पिन घट्ट अडकते आणि सुरुवातीचे चार महिने छान चाललेला ब्रेक त्यानंतर धरू लागतो. तिथे ब्रेकसाठीच बनवलेले, उष्णता सोसणारे सिलिकॉन ग्रीसच लागते आणि तेही थोडेसेच. आपले दुसरे पॅड पहिल्यांच्या एक तृतीयांश चालले. त्या वेळी पिनांना काय लावले होते, हे त्या मिस्त्रींना जरूर विचारा.

पण पैज लावणे आणि निदान करणे यांत फरक आहे. आतला पॅड लवकर झिजण्याची आणखी कारणे आहेत. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचे एक रबरी सील असते. पिस्टन पुढे जाताना ते किंचित पिळते आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. पॅड डिस्कपासून सुटतो तो एवढ्याशा ओढीने. पिस्टनवर गंज आला किंवा सील कडक झाले की ही ओढ संपते. कधी पॅडचे कान, म्हणजे त्याची दोन टोके, ब्रॅकेटच्या खाचेत गंजाने अडकतात. आणि कधी चाकाकडे जाणारा रबरी होज पाइप आतून सुजतो. बाहेरून तो नव्यासारखा दिसतो, पण पायाच्या जोराने तेल आत जाते आणि परतीला मात्र अडते.

या होज पाइपने मला पूर्वी चांगलाच धडा दिला आहे. गॅरेज सुरू करून दोन-तीन वर्षे झाली असतील, तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या गाडीचे एकाच चाकाचे पॅड मी वर्षभरात दोनदा बदलले, पिना साफ केल्या, शेवटी कॅलिपरही बदलला आणि तरीही चाक तापायचे राहीना. जुना पाइप कापून पाहिला, तेव्हा आतले भोक सुईएवढे उरले होते. कॅलिपरचे पैसे मी परत केले. तेव्हापासून एक पद्धत मी कधी मोडलेली नाही आणि ती आपणही आपल्या मिस्त्रींकडून करून घ्यावी.

गाडी पंधरा-वीस किलोमीटर नेहमीप्रमाणे चालवून आणावी आणि शेवटचे दोनेक किलोमीटर शक्यतो ब्रेक न दाबता हळू येऊन सपाट जागी थांबवावी. चारही चाकांजवळ हात न टेकवता, नुसता जवळ नेऊन उष्णता पाहावी. तापमान मोजण्याची इन्फ्रारेड बंदूक असेल, तर फारच उत्तम. पुढची दोन्ही चाके मागच्यांपेक्षा गरम असणे साहजिक आहे, कारण थांबवण्याचे साधारण सत्तर टक्के काम पुढचे ब्रेक करतात. पण डावे आणि उजवे यांत ठळक फरक असता कामा नये. मग गाडी गरम असतानाच मागच्या चाकांना दगड लावून डावे पुढचे चाक जॅकवर उचलावे आणि हाताने फिरवावे. थोडी घसट ऐकू येणे ठीक आहे. चाक फिरतच नसेल, तर त्याच क्षणी कॅलिपरचे ब्लीडिंग निप्पल, म्हणजे तेल बाहेर काढायची छोटी तोटी, किंचित सैल करावे. तेलाची पिचकारी उडून चाक मोकळे झाले, तर दाब तेलात अडकला होता, म्हणजे दोष होज पाइपचा किंवा पेडलचा दाब तेलात उतरवणाऱ्या मास्टर सिलिंडरचा आहे. निप्पल उघडूनही चाक जामच राहिले, तर दोष पिनांचा, पिस्टनचा किंवा अडकलेल्या पॅडचा आहे. थंड गाडीवर ही परीक्षा करू नये, कारण थंड झाल्यावर ब्रेक पुष्कळदा आपोआप सुटतो आणि सगळे ठीक दिसते.

बहुतेक लहान गाड्यांत ब्रेकच्या तेलाच्या दोन वाटा तिरप्या असतात: डावे पुढचे चाक उजव्या मागच्या चाकाशी आणि उजवे पुढचे डाव्या मागच्याशी जोडलेले असते. म्हणून डाव्या पुढच्या चाकासोबत उजवे मागचे चाकही तापत असेल, तर संशय मास्टर सिलिंडरवर जातो. एकटे डावे पुढचेच तापत असेल, तर मास्टर सिलिंडर बदलण्याचा खर्च कोणी सुचवला, तरी तूर्त थांबावे.

बिघाड नेहमी झिजलेल्या चाकातच असतो, असेही नाही. समजा, उजव्या चाकाचे दोन्ही पॅड अगदी नव्यासारखे जाड आहेत आणि डाव्याचे दोन्ही संपले आहेत. अशा वेळी सगळे डाव्या चाकाच्या मागे लागतात. प्रत्यक्षात उजवा कॅलिपर कामच करत नसतो आणि डावा दोघांचे ओझे वाहत असतो. ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढत असेल, तर ती काम करणाऱ्या चाकाच्या बाजूला ओढते, हे लक्षात ठेवावे. चारही पॅड सारखे झिजले असतील, तर मागचे ब्रेक तपासावेत. मागच्या ड्रममधले लायनर (तिथे पॅडचे काम तेच करतात) सैल पडून ड्रमला नीट टेकत नसतील, तर पुढच्यांवर ताण वाढतो. हँडब्रेक दांडा नेहमीपेक्षा बराच वर येऊ लागला असेल, तर ती याचीच खूण असू शकते. एकाच पॅडचे एक टोक जाड आणि दुसरे पातळ असेल, तर बहुधा दोनपैकी एकच पिन जाम असते.

म्हणूनच काढलेले पॅड गॅरेजात टाकून येऊ नयेत. चारही जुने पॅड कागदावर मांडून त्यांवर खडूने ‘डावा आतला’, ‘डावा बाहेरचा’ असे लिहून घ्यावे आणि प्रत्येकाची जाडी मोजावी. नव्या पॅडचे घर्षणाचे मटेरियल साधारण १० ते १२ मिलिमीटर असते आणि ३ मिलिमीटर उरले की पॅड बदलावेत. आपला पॅड ११,००० किलोमीटरांत संपला, म्हणजे दर अकराशे किलोमीटरला जवळजवळ एक मिलिमीटर गेला. सर्व्हिसिंगला चाक न काढता अलॉयच्या फटीतून डोकावले, तर फक्त बाहेरचा पॅड दिसतो आणि आपल्या गाडीत तोच तर जाड आहे! सर्व्हिसिंगला ‘पॅड पाहिले, चांगले आहेत’ असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याने आतला पॅड पाहिलेलाच नसतो. काही पॅडांना संपत आल्यावर किंचाळणारी एक पत्र्याची पट्टी असते. स्वस्त पॅडांना ती नसते किंवा बसवताना चुकीच्या बाजूला जाते, त्यामुळे कानांवरही सर्वस्वी विसंबून चालत नाही.

आता घाटाचा विषय. पिनांचा दोष निघाला तरी आपली न्यूट्रलची सवय निर्दोष ठरत नाही. हिशेब असा आहे: माणसांसह १,२०० किलोची गाडी शंभर मीटर उंची उतरते, तेव्हा जेवढी ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते, तेवढी तीच गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून अडीच वेळा पूर्ण थांबवताना घालवावी लागते. गाडी गिअरमध्ये असेल, तर यातला मोठा वाटा इंजिन उचलते; न्यूट्रलमध्ये असेल, तर हवेचा आणि टायरांचा विरोध सोडून बाकी सगळे पॅड आणि डिस्क यांच्या माथी येते. रोज सकाळी तोच उतार आहे. आणि पेट्रोल वाचते, हा समज आजच्या गाड्यांना लागू नाही: इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की पेट्रोलचा पुरवठा बंद होतो, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळत राहते. घाट उतरताना तिसरा किंवा दुसरा गिअर ठेवावा, ब्रेकवर पाय ठेवून बसण्याऐवजी थोडा जोराने दाबून वेग उतरवावा आणि पाय पूर्ण काढावा, म्हणजे मधल्या काळात डिस्कला हवा लागते.

इथे झिजेचा विषय संपून ब्रेक निकामी होण्याचा विषय सुरू होतो आणि आपल्या पत्रातला जळका वास मला त्यासाठीच अस्वस्थ करतो. धरून राहिलेला पॅड डिस्क तापवतो, डिस्क कॅलिपर तापवते आणि कॅलिपर आतले ब्रेक ऑइल तापवतो. हे तेल हवेतला ओलावा शोषते. नवे ‘डॉट ४’ या दर्जाचे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरल्यावर तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४० आहेत. तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल स्पंजासारखे थेट खाली जाते. हे घडते ते नेमके घाटाच्या पायथ्याशी, जिथे ब्रेक सर्वांत जास्त तापलेले असतात. आपण सहा वर्षांत तेल बदलल्याचा उल्लेख केलेला नाही; ते दर दोन वर्षांनी बदलावे, रंग स्वच्छ दिसत असला तरीही. मराठवाड्याच्या बेचाळीस अंशांच्या उन्हामुळे पॅड जळतात, असे मात्र मी मानत नाही. घाटात डिस्क सहज दोन-तीनशे अंशांवर जाते, तिथे हवेच्या दहा अंशांनी फारसे बिघडत नाही.

तेलाच्या टाकीत चुकून पॉवर स्टिअरिंगचे किंवा इंजिनचे तेल ओतले गेले, तर सगळी सील फुगून चारही चाके जाम होतात आणि मग सगळे रबर बदलावे लागते. आपला त्रास एकाच चाकाचा आहे, म्हणून ही शक्यता मी सोडून देतो.

पॅडच्या कंपनीविषयी आपण विचारलेच आहे, तर थोडक्यात सांगतो. गाडीसोबत आलेल्या दर्जाचे पॅड, पक्की पावती देणाऱ्या दुकानातून घ्यावेत. सोबत नव्या क्लिपा मिळत असतील, तर त्या बसवाव्यात. फार कडक पॅड स्वतः टिकतात, पण डिस्क खातात. खरा खर्च आपल्या डिस्कचा आहे. चरे पडलेल्या डिस्कवर नवे पॅड बसवणे म्हणजे कानशीवर खडू घासण्यासारखे आहे आणि तिसरी जोडी इतक्या लवकर जाण्यात मागच्या खेपेच्या खराब डिस्कचाही हात असू शकतो. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. टर्निंग करून, म्हणजे लेथवर घासून सपाट करून, ती त्या आकड्याखाली जाणार असेल, तर दोन्ही डिस्क बदलाव्यात. डिस्क आणि पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत, एकाच बाजूचे कधीही नाही.

आतापर्यंतचे एकत्र करून आपल्या मिस्त्रींना सांगायचे, तर ते असे: गाडी गरम असताना आधी निप्पलची परीक्षा, मग दोन्ही बाजूंच्या पिना पूर्ण बाहेर काढून साफ करणे, नवी बुटे आणि ब्रेकचे ग्रीस, पिस्टन क्लॅम्पने सावकाश मागे जातो का ते पाहणे, आणि जात नसेल तर सील-किट किंवा नवा कॅलिपर, शंका असेल तर होज पाइप, नवे ब्रेक ऑइल, आणि हे सगळे झाल्यावर पॅड. पिस्टन मागे ढकलताना निप्पल उघडून घाण तेल बाहेर काढावे, कारण एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत ते उलटे वर ढकलणे मला पसंत नाही. ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू देऊ नये, ती छातीला वाईट असते. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसावी. काम संपल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत पंप करावे. हे विसरून गॅरेजच्या भिंतीला जाऊन धडकलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत वीस-पंचवीस वेळा मध्यम दाबाने, मध्ये डिस्कला थंड व्हायला वेळ देत वेग उतरवावा, म्हणजे नवे पॅड डिस्कवर बसतात.

निप्पल उघडल्यावर चाक सुटले की नाही आणि चारही जुन्या पॅडांची जाडी किती भरली, एवढ्या दोन गोष्टी कळवल्यात, तर पिना की पाइप हे मी अधिक खात्रीने सांगू शकेन. तोवर ही गाडी घाटात घालू नका. नेकनूर ते बीड एसटीने जावे.